मुलांचं क्रिकेटचं ‘फुल सेट’ किट : आठ ते बारा वयासाठी घ्यावं का?

परीक्षा उरकल्या की सांगलीतल्या स्पोर्ट्सच्या दुकानांत एक वस्तू दर्शनी भागात येऊन बसते. लांबट बॅग, आत बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, मांडीचं थाय पॅड आणि जांघेचा एल गार्ड. बाहेर चिकटवलेला मापाचा एक आकडा, ४, ५ किंवा ६. उन्हाळी शिबिराचा फॉर्म भरून आलेले आई-बाबा ती तशीच उचलतात, कारण एका फेरीत काम होतं आणि साधारण तीन ते पाच-सहा हजारांत सगळं मिळतं. हे परीक्षण त्या ‘फुल सेट’चं आहे, एखाद्या कंपनीचं नाही. या किमतीतले सेट आतून बरेचसे सारखे असतात आणि अडचणीही त्याच असतात.

मत आधीच सांगून टाकतो. मूल लेदर बॉलवर जाणार असेल तर सेट घेऊ नका, सुटं घ्या. सेटमधल्या सगळ्या वस्तूंना एकच नंबर लावलेला असतो आणि मूल एका नंबरात वाढत नाही. दहाव्या वर्षी डोकं जवळपास मोठ्या माणसाइतकं झालेलं असतं, पंजा आणि पाय मात्र अजून लहान असतात. त्यामुळे ‘५ नंबर’चं हेल्मेट बसलं तर पॅड मांडीत घुसतं, पॅड बसलं तर ग्लोव्हजची बोटं पुढे रिकामी लोंबतात. सेट विकणाऱ्याला एक आकडा सोयीचा आहे, खेळणाऱ्याला नाही.

सगळ्यात जास्त वेळ हेल्मेटवर घालवा. क्रिकेट हेल्मेटसाठी बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक आहे. त्यात जाळीची आणि चेहऱ्याची चाचणी पुरुषांच्या बॉलने वेगळी आणि ज्युनिअर बॉलने वेगळी होते. कारण साधं आहे. पुरुषांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, ज्युनिअर बॉल १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि घेर २०.५ ते २२. मोठा बॉल अडवणाऱ्या फटीतून लहान बॉल आत येऊ शकतो. हेल्मेटच्या आत शिवलेलं किंवा चिकटवलेलं लेबल शोधा आणि त्यावर मानकाचा नंबर व कोणत्या बॉलसाठी चाचणी झाली ते वाचा. सेटमधल्या बऱ्याच हेल्मेटांत असं लेबलच नसतं. तिथेच तो सेट खाली ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेबल असलं तरी एक तपासणी दुकानातच करा. शिबिरात ज्या बॉलने खेळणार तो बॉल हातात घ्या आणि हेल्मेटची पुढची टोपी व जाळीची वरची तार यांच्यामधल्या फटीत अंगठ्याने दाबा. बॉल आत सरकला, किंवा अर्धा जाऊन अडकला, तरी ते हेल्मेट बाद. स्वस्त हेल्मेटांच्या जाळीला स्क्रूजवळ लांबट भोकं असतात, म्हणजे जाळी वर-खाली करता येते. मूल म्हणतं ‘दिसत नाही’, मग घरी कुणीतरी स्क्रू ढिला करून जाळी खाली घेतं आणि चाचणीला काही अर्थ उरत नाही. मुलांसाठी एकाच जागी घट्ट बसलेली जाळी चांगली. दिसत नसेल तर बहुतेक वेळा हेल्मेट मागे कललेलं असतं. टोपीची कड जमिनीला समांतर आणली की फटीतून समोरचं नीट दिसतं.

मापासाठी शिवणकामाची टेप भुवईच्या वर एक बोट अंतरावरून कानांच्या वर नेऊन मागे सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. तो सेंटिमीटरचा आकडा हेल्मेटच्या मापाशी जुळवा, वयाशी नाही. मागची चकती आवळा, हनुवटीचा पट्टा लावा आणि मुलाला मान जोरात डावी-उजवी हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याच्या मागून फिरलं तर मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ हा हिशेब बुटांत चालतो, इथे चालत नाही.

आता बॅट. सेटमध्ये मिळते ती बऱ्याचदा काश्मीर विलोच्या लाकडाची असते, अगदी स्वस्त सेटमध्ये ‘पॉप्युलर विलो’ची. दुसरी म्हणजे पॉप्लर झाडाचं लाकूड, विलो नव्हे. टेनिस बॉलला ती ठीक, लेदर बॉलला तिची कड लवकर उडते. काश्मीर विलो सुरुवातीला पुरेशी आहे. इंग्लिश विलोची मुलांची बॅट महाग आणि वर्ष-दीड वर्षात लहान पडते; नियमित सामने खेळणाऱ्या मुलासाठीच तो खर्च करावा.

मापाचा ढोबळ अंदाज असा: ४ फूट ६ इंच ते ४ फूट ९ इंच उंचीला ३ नंबर, ४ फूट ११ इंचांपर्यंत ४ नंबर, ५ फूट २ इंचांपर्यंत ५ नंबर. पण उंचीपेक्षा वजन जास्त घात करतं. चार नंबरची बॅट ९०० ग्रॅमच्या आसपास असावी. सेटमधली बॅट फळीत जाड आणि लाकडाने घट्ट असल्यामुळे अनेकदा किलोच्या वर जाते. दुकानात वजनकाटा असतोच, टाकून बघा. मग मुलाला फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजवा बॅट्समन असेल तर डाव्या हाताने, बॅट खांद्याच्या रेषेत समोर आडवी धरायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत टोक खाली झुकलं तर बॅट जड आहे. जड बॅटचा परिणाम पुढच्या महिन्यात दिसतो: वरचा हात थकतो, खालचा हात सगळं काम करू लागतो, सरळ ड्राइव्हच्या जागी प्रत्येक बॉल मिडविकेटकडे ओढला जातो. मग प्रशिक्षक कोपर वर घे म्हणून ओरडत राहतात आणि मूल बिचारं जमेल तेवढंच करतं. दोष तंत्राचा नसतो, लाकडाचा असतो.

नवी बॅट तशीच नेटमध्ये नेऊ नका. चहाचा एक चमचा कच्चं जवसाचं तेल फडक्यावर घेऊन फळीचा पुढचा भाग, कडा आणि टोक यांवर पातळ हात फिरवा. हँडल, हँडल बसवलेला व्ही आकाराचा जोड आणि स्टिकर कोरडे ठेवा. बॅट एक दिवस आडवी ठेवा, असं दोन-तीनदा करा. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तेल या कामाचं नाही. फळीवर आधीच पारदर्शक शीट चिकटवलेली असेल तर तिच्यावरून तेल लावून उपयोग नाही, उघड्या लाकडालाच लावा. त्यानंतर लाकडी मॅलेटने, म्हणजे हातोड्याने, ठोकणं, रोज दहा-पंधरा मिनिटं, आधी हलकं मग जोरात, एकूण चार ते सहा तास. कडांवर थेट मारायचं नाही, तिरकं मारून त्या गोल करायच्या. फ्लॅटमध्ये हे काम दुपारी चालत नाही, शेजारी झोपलेले असतात. काही दुकानं पैसे घेऊन करून देतात. सेट घेणारे ही पायरी सोडतात, आणि पहिल्या पंधरवड्यातच कडेला चीर पडली की बॅटला नावं ठेवतात.

ग्लोव्हजमध्ये एक गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. बॅटिंग ग्लोव्हजची जोडी सारखी नसते. खालच्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं बॉलच्या समोर असतात, म्हणून त्या हाताला जादा कडक आवरण असतं. उजव्या बॅट्समनची जोडी डावखुऱ्याने घातली तर ते आवरण नको त्या हातावर जातं. सेटमध्ये जोडी जवळपास नेहमी उजवीच येते. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना डावखुरी खेळते, तिला बघून बॅट हातात घेणाऱ्या मुली इथे प्रत्येक शिबिरात दिसतात. डाव्या स्टान्सच्या मुलीला तरी सेट देऊ नका. सुटी डावी जोडी मागवून घ्यावी लागते, आठ-दहा दिवस आधी सांगा. बोटाच्या टोकापुढे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पोकळी नको, नाहीतर पकड फिरते. आत सुती इनर, म्हणजे पातळ हातमोजे, घाला, दोन जोड्या ठेवा.

पॅड सोपं आहे. मुलाला पॅड बांधून गुडघा वाकवायला सांगा. गुडघ्याची वाटी मधल्या आडव्या फुगीर भागात आली पाहिजे आणि वरचं टोक मांडीत टोचता कामा नये. पळताना दोन्ही पॅड एकमेकांवर घासत असतील तर माप मोठं आहे. वेल्क्रोचे पट्टे लांब असतात, जादा टोक कापून टाका. मैदानावरची कुसळं वेल्क्रोत अडकतात आणि महिन्याभरात तो धरेनासा होतो, जुन्या टूथब्रशने घासत राहा.

एल गार्ड सेटमधला नुसता कप असतो. तो कापडी खिसा असलेल्या सपोर्टरमध्ये घालायचा, नाहीतर पहिल्याच धावेला सरकतो आणि मूल पुन्हा घालायला तयार होत नाही. मुलींचा गार्ड आकाराने वेगळा येतो. सेटमध्ये तो नसतोच. थाय पॅड लेदर बॉल सुरू होईपर्यंत लागत नाही.

बूट सेटमध्ये येत नाहीत आणि बजेट तिथेच कोलमडतं. मॅटवर आणि सिमेंटच्या विकेटवर रबरी स्टडचे बूट घ्या, स्पाइक्स नकोत. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना स्टडच्या मधे भरते आणि वाळली की दगडासारखी होते. ओली असताना खरवडू नका, पसरते. पूर्ण वाळू द्या आणि दोन्ही बूट एकमेकांवर आपटा.

बॅग हा सेटचा सगळ्यात चुकलेला भाग, कारण तिचा विचार कारवाल्यांसाठी झालेला असतो. आपल्याकडे विश्रामबागहून मिरजेला किंवा माधवनगरहून स्टेडियमला मूल सकाळी स्कूटरवरून जातं. भरलेला सेट पाच-सहा किलो, लांबी सहज तीन फूट. फूटबोर्डवर आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंनी बाहेर, उभा ठेवला तर हँडल वळताना अडतं. मागे बसलेल्या मुलाच्या पाठीवर दिला तर गाडीने वेग घेताच मूल मागे ओढलं जातं. त्यापेक्षा बॅट वेगळ्या कव्हरमध्ये मुलाच्या पाठीला तिरकी, आणि पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट दोन फुटांच्या मऊ डफल बॅगेत पायाशी. घेण्याआधी आपल्या स्कूटरचा फूटबोर्ड टेपने मोजा. चाकांची बॅग नको: चाकांचंच वजन वाढतं आणि मैदानाच्या मातीत ती ओढली जात नाही.

शनिवार-रविवार कसा जाणार यावरही किटची निवड ठरते. शनिवारी दुपारी नेट, रविवारी सकाळी सातला सराव, महिन्यातून एखादा रविवार सामन्याचा, म्हणजे आठ ते पाच. मधे एक लग्न, धाकटीची चित्रकला, कधी शिष्यवृत्तीचा क्लास. अशा घरात जी वस्तू स्वतंत्रपणे धुता, वाळवता आणि उचलता येते तीच टिकते. घामाचे ग्लोव्हज बंद बॅगेत रविवार संध्याकाळपासून पुढच्या शनिवारपर्यंत राहिले की तळव्याचं कातडं कडक होतं आणि वास जात नाही. घरी आल्यावर जेवायच्या आधी बॅग उलटी करा. ग्लोव्हज आणि पॅड सावलीत, पंख्याखाली, उन्हात नको. पावसाळ्यात ग्लोव्हजच्या बोटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला. बॅटचं टोक ओल्या जमिनीवर टेकवून ठेवायची सवय मोडा, तिथून पाणी शिरून लाकूड फुगतं. टोकाला रबरी गार्ड चिकटवून घ्या. मे महिन्यात बंद गाडीत बॅट ठेवली तर उलट ती सुकून तडकते.

सामन्याच्या दिवशी किटइतकंच डब्याचं वजन असतं. दीड-दोन लिटर पाणी, त्याशिवाय मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, दोन केळी, दहा वाजता पोहे किंवा उपमा. बेदाणे तर आपल्या जिल्ह्याचेच, मूठभर खिशात टाकले की दोन ओव्हरांच्या मधे खाता येतात. वडापाव बॅटिंग झाल्यावर.

सेट कुणी घ्यावा, हेही सांगायला हवं. मूल सात-आठ वर्षांचं आहे, टेनिस किंवा सिंथेटिक बॉलवरच खेळतं, शिबिर दोन महिन्यांचं आहे आणि आवड टिकेल का ते बघायचं आहे, तर स्वस्तातला सेट चालतो. त्यातली बॅट वजन करून बदलून मागा, बरेच दुकानदार देतात. लेदर बॉल सुरू होताना मात्र आधी हेल्मेट, मग ग्लोव्हज आणि सपोर्टरसह गार्ड, मग बूट आणि बॅट. पॅड आणि बॅग शेवटी, आणि ती जुनी घेतली तरी हरकत नाही. शिबिरातल्या मोठ्या मुलांचे लहान पडलेले पॅड प्रशिक्षकांना विचारलं तर मिळून जातात. फक्त हेल्मेट जुनं घेऊ नका, आणि स्वतःच्या मुलाच्या हेल्मेटवर बॉल जोरात बसला तर तेही बदला. आतला फोम एकदा दबला की बाहेरून कळत नाही.