ट्रॅप बार: गोल्फरच्या पायांना जोर, कंबरेला सांभाळून

गोल्फ खेळणाऱ्याला वजनांच्या सामानातली एकच मोठी वस्तू घ्यायची असेल, तर ती ट्रॅप बार असावी, सरळ बारबेल नव्हे. स्विंगमध्ये, म्हणजे चेंडू मारायला क्लब फिरवताना, कंबर एकाच दिशेने, पूर्ण जोरात, पुन्हा पुन्हा पिळली जाते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शंभर चेंडू मारून थकलेल्या त्याच कंबरेवर वाकून जड बार ओढणं बहुतेकांना झेपत नाही. मग व्यायामच सुटतो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

ट्रॅप बारला हेक्स बारही म्हणतात. षटकोनी चौकट, आत उभं राहायचं, दोन्ही बाजूंना मुठी आणि बाहेर प्लेट चढवायचे दांडे. 1980च्या दशकात अल जेरार्ड या पॉवरलिफ्टरने तो तयार केला, दुखऱ्या पाठीनिशी सराव चालू ठेवता यावा म्हणून. सरळ बार नडग्यांच्या पुढे असतो, त्यामुळे धड जास्त झुकतं. चौकटीत वजन शरीराच्या रेषेत येतं, धड उभट राहतं, कंबरेवरचा ताण कमी होतो आणि मांड्या जास्त काम उचलतात. ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याचा क्लब) मारताना उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय जमिनीत रेटून सरळ करतो. ट्रॅप बार हाच रेटा वाढवतो.

हातांचाही फायदा आहे. तळवे एकमेकांकडे राहतात, म्हणून एक तळवा पुढे, एक मागे अशी उलटसुलट पकड लागत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला आधीच दुखत असेल त्याला हा फरक पहिल्या सेटलाच जाणवेल. मात्र मूठ तळव्याच्या मध्यावर धरू नका. बोटांच्या मुळाशी धरा, नाहीतर कातडी दुमडून घट्टा पडतो, तो फाटतो आणि पुढचे काही दिवस क्लब नीट धरवत नाही. म्हणूनच मुठीवरची, पकड घसरू नये म्हणून कोरलेली जाळी फार टोकदार असलेला बार गोल्फरने घेऊ नये.

घेताना सगळ्यात आधी मुठी पाहा. दोन उंचींच्या मुठी हव्यातच. 45 सेंमी व्यासाच्या प्लेट लावल्या की खालची मूठ जमिनीपासून साधारण 22.5 सेंमीवर येते आणि वरची तिच्याहून काही सेंमी उंच. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेल्या माणसाला खालच्या मुठीपर्यंत पोचताना कंबर गोल करावीच लागते. त्याने बार उलटा करून उंच मूठ वापरावी, त्यात कमीपणा काही नाही. लहान व्यासाच्या प्लेट लावल्या तर बार आणखी खाली जातो. तेव्हा दोन्हीकडे प्लेटखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा. रिकाम्या बारचं वजनही काट्यावर करून घ्या. कुठला 20 किलोचा, कुठला 30च्या वर, आणि हे न कळता लिहिलेली नोंदवही निरुपयोगी.

एका बाजूने उघडी चौकट मिळाली तर उत्तम. बंद चौकटीत मागचा पाय अडकतो, म्हणून लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) आणि स्प्लिट स्क्वॉट (पाय पुढे-मागे ठेवूनच खाली-वर होणं) जमत नाहीत. उघडीत दोन्ही होतात आणि वजन घेऊन चालतानाही पाऊल मोकळं पडतं. तोटा एवढाच, की ती सहसा जास्त जड असते.

सगळ्यांना छळणारी अडचण म्हणजे बार पुढे-मागे कलंडणं. मूठ मध्यापासून दोन बोटं जरी पुढे धरली, तरी वजन जमिनीवरून सुटताच मागची बाजू खाली जाते. दोन्ही मुठींच्या बरोबर मध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि मधलं बोट त्यावर ठेवा. प्रश्न मिटतो.

उचलताना पावलं नितंबांच्या रुंदीइतकी, घोटे मुठींच्या रेषेत. आधी नितंब मागे ढकला, मग गुडघे वाकवा. पोटात श्वास भरा, हात ताठ करून बारमधला ढिलेपणा काढा आणि पावलांनी जमीन खाली दाबा. नितंब खांद्यांच्या आधी वर आले, तर वजन जास्त आहे. वर पोचल्यावर मागे रेलू नका. तो झटका कंबरेच्या नेमक्या त्याच सांध्यांवर बसतो, जे स्विंगमध्ये आधीच झिजतात.

आठवड्यातून दोनदा, 5 रेपचे (सलग 5 वेळा उचलण्याचे) 3 सेट, मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. सगळे रेप स्वच्छ झाले तरच पुढच्या वेळी 2.5 ते 5 किलो वाढवा. शेवटी मध्यम वजन घेऊन 20-30 मीटरच्या दोन-तीन फेऱ्या चाला.

पण डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत येणं, जेमतेम पाव सेकंदाचा असतो. नुसतं जड आणि सावकाश उचलून तेवढ्या वेळात जोर लावता येत नाही. म्हणून सेटच्या आधी 3 उड्यांचे 3 सेट करा. इथे हा बार थोडा कमी पडतो. स्वतःच्या दीडपट वजन उचलता येईपर्यंत उडीसाठी रिकामा बारही जडच. तोवर हातात हलके डंबेल धरा.

दुसरी उणीव मोठी आहे. या बारने धड फिरवण्याची ताकद येत नाही. त्यासाठी 2 ते 4 किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) भिंतीवर बाजूने फेकणं हवंच, दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी 5 फेकी. फक्त खेळायच्या बाजूने फेकणारे बरेच दिसतात. त्यांचं एकांगीपण उलट वाढतं.

स्पर्धेच्या आठवड्यात सेट निम्मे करा, वजन तेवढंच ठेवा आणि शेवटचं जड सत्र राउंडच्या किमान दोन दिवस आधी उरका.