गोकुळपेठचं मडक्यातलं दही: दही घ्या, पाटी वाचू नका

नागपुरात गोकुळपेठ बाजाराच्या तोंडाशी ही छोटी डेअरी आहे. दही घट्ट, सायीला मडक्याचा मातकट वास, आंबटपणा बेताचा. अर्धा किलो ८० रुपये. सकाळीच जा, मे महिन्यात दुपारी ४ ला गेलात तर आंबलेलं मिळेल, त्यात दुकानदाराचा काय दोष? सांबार (आमच्याकडे कोथिंबीर) घालून मठ्ठा केला, घरचे खूश.

तक्रार आहे ती काउंटरवरच्या पाटीची: ‘पोटात चांगले जंतू, अंगात भरपूर रक्त.’ मी ३० वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासण्या, केले, मला राहवेना.

अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच चिडचिड होते. गेल्या वर्षी पायाच्या हाडातल्या जंतुसंसर्गासाठी मला ६ आठवडे अँटिबायोटिक होतं. पाचव्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी २,९०० पर्यंत घसरल्या. गोळी बदलली, तशा चढल्या. डॉक्टर म्हणाले, औषधाचा थेट परिणामही असेल, पण आतड्यातले जंतू मेले तरी हाडातली मज्जा, जिथं रक्तपेशी बनतात, सुस्तावू शकते. उंदरांत हे २०१४ मध्ये दिसलं: जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांच्या मज्जेत काही पांढऱ्या पेशी कमी बनत होत्या, नेहमीच्या उंदरांचे मिश्र जंतू पोटात गेले, तशी ती तूट भरून निघाली. जंतूंनी मज्जेपर्यंत जायची गरज नसते. त्यांच्या भिंतीचे बारीक तुकडे रक्तातून फिरतात, तेवढी चाहूल पुरते. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जेमतेम दिवसभर जगतात, त्यामुळे हा कारखाना थांबून चालत नाही.

पण तो जंतूंचा अख्खा गोतावळा होता. दह्यातले दोन-चार प्रकार म्हणजे तो नव्हे. आणि लोकांच्या तोंडी रक्त म्हणजे हिमोग्लोबिन! माझ्यापुढची बाई लेकीचं हिमोग्लोबिन ८ आहे म्हणून एक किलो नेत होती, लोहाच्या गोळीसोबत द्यायला. दह्यात लोह जवळजवळ नसतं, वर त्यातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही. तिला म्हटलं, गोळी आणि दही यांत दोन तास जाऊ द्या. शिवाय विदर्भात सिकलसेलचे (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण पुष्कळ. त्यांची रक्ताची कमतरता दह्यानं कशी भरणार?

दुकानदाराला सांगितलं तर म्हणे, “काकाजी, भाच्यानं छापून आणली जी, मले काय मालूम!”

चवीला ५ पैकी ५, पाटीला शून्य. परवा गेलो तेव्हा ती तिथंच होती. मी अर्धा किलो घेतलंच.