खाणावळीच्या मोरीवर काय ठेवावे : साबणाची वडी, पंपाचा साबण, सॅनिटायझर की हातमोजे?

दिवाळीच्या सुट्टीपासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यातील घरगुती खाणावळींत सकाळ-संध्याकाळ पंगती उठतात. घरच्या एक-दोन बायका आणि मदतीला आलेल्या एक-दोघी मासळी साफ करतात, वाटण काढतात, भाकऱ्या थापतात आणि ताटेही त्याच वाढतात. अशा ठिकाणी हात धुण्याची सोय कोणती करावी, हा प्रश्न बहुधा दुकानाच्या फळीसमोर उभे राहून सोडवला जातो आणि जे जाहिरातीत दिसते ते घरी येते. थोडा विचार करून निवड केली तर कमी खर्चात अधिक काम होईल.

मुळात हात कोणत्या पदार्थांसाठी धुवायचे आहेत हे पाहावे. तळलेल्या सुरमईच्या तुकडीला किंवा रटरट शिजलेल्या तिखल्याला कच्चे असताना हाताचे जंतू लागले, तरी पुढे आच त्यांतील बहुतेकांचा निकाल लावते. सोलकढीचे तसे नाही. नारळ खवला जातो, खोबरे वाटले जाते, ते पंचात घेऊन मुठीने पिळले जाते, त्यात आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि ठेचलेली लसूण-मिरची पडते, आणि हे सारे चुलीवर न चढता थेट वाटीत जाते. पिळताना तळहात, नखांच्या कडा आणि बोटातील अंगठी त्या रसात भिजलेली असते; त्याच हाताने थोड्या वेळापूर्वी बांगड्याचे कल्ले ओढून काढलेले असतात. समुद्राच्या कोमट पाण्यात आणि त्यातून आलेल्या मासळीवर, कालवांवर व्हिब्रिओ वर्गातील जिवाणू मुळातच असतात, तर शौचानंतर नीट न धुतलेल्या हातावरून साल्मोनेला, शिगेला, नोरोव्हायरस आणि अ प्रकारच्या काविळीचा विषाणू अन्नात उतरू शकतो. कोकमाच्या आंबटपणावर भिस्त ठेवू नये. कोशिंबीर, चिरलेला कांदा आणि ताटातली लिंबाची फोड यांनाही हेच लागू पडते.

आता साबणाकडे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे तेलाशी जुळते, त्यामुळे त्वचेला चिकटलेला तेलकट थर जंतूंसकट सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जातो. अर्थात निदान २० सेकंद तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखे चोळली तरच. पाणी गरम असण्याची गरज नाही. त्यासाठी लाकूडफाटा जाळणे व्यर्थ आहे.

वडीवर सर्वांचे हात लागतात म्हणून ती अस्वच्छ, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साबणाच्या वड्यांना मुद्दाम जिवाणू लावून त्याच वड्यांनी हात धुवायला सांगितले असता, धुतलेल्या हातांवर ते जिवाणू आढळले नाहीत. अट एवढीच की वडी पाण्याच्या डबक्यात मऊ होत पडू नये. परसात ठेवलेली वडी कावळा उचलून नेतो, ही मात्र खरी अडचण आहे. कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून ती नळाला टांगली की कावळ्याचाही बंदोबस्त होतो आणि पाणीही निथळून जाते. पंपाच्या बाटलीतला द्रवरूप साबण निसटत नाही, मापात येतो आणि घाईच्या वेळी सोयीचा पडतो. त्याचा दोष वापरणाऱ्यांच्या काटकसरीत आहे: बाटली संपत आली की तीत पाणी घालून हलवायचे आणि रिकामी झाली की न धुताच वरून नवा साबण ओतायचा. असा पातळ झालेला, जुन्यावर नवा चढवलेला साबण स्वतःच जंतूंचे घर होऊ शकतो. ही सवय मोडणार नसेल तर वडीच बरी.

या दोहोंतली निवड खरे तर विहिरीच्या पाण्यावर करावी. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, गोड्या पाण्यात वडीला भरपूर फेस येतो, तर खाडीकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ झाले की तीच वडी कितीही घासली तरी हाताला नुसता चिकट साका धरतो. बाजारातील बरेच द्रवरूप हँडवॉश डिटर्जंटच्या जातीच्या घटकांपासून बनतात आणि अशा पाण्यातही फेसाळतात. ‘जंतुनाशक’ असे लिहिलेल्या महाग साबणासाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटकांचे असे हात धुण्याचे साबण सर्वसामान्य ग्राहकांना विकण्यास मनाई केली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत किंवा दीर्घकाळ वापरास सुरक्षित आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नाही.

सॅनिटायझरचे गुण करोनाच्या काळात सर्वांच्या तोंडी झाले, पण ते स्वयंपाकघरातले गुण नव्हेत. किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर कोरड्या आणि दिसायला स्वच्छ हातावर चांगले काम करतो. माशाची चिकट, खोबऱ्याचे तेल आणि भाकरीचे पीठ लागलेल्या हातावर तो थराखाली नीट पोचत नाही. नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव तोकडा पडतो. शिवाय तो ज्वलनशील आहे, तेव्हा चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ त्याला जागा नको. बिलाचे पैसे घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर, किंवा गोडे पाणी मोजून वापरावे लागते अशा होडीवर त्याचा उपयोग आहे, तेवढाच.

हातमोज्यांनी गिऱ्हाइकाच्या मनावर छाप पडते, हे मान्य. पण मोजे घातलेली बाई त्याच मोज्यांनी मोबाईल उचलते, सुट्टे पैसे मोजते, घामाने निथळलेले कपाळ पुसते आणि पुन्हा भाकरी वाढते, कारण हात मळल्याचे तिला जाणवतच नाही. शिंगाळ्याच्या काट्याने किंवा कोळंबीच्या टोकाने मोजा फाटतो तेही चटकन लक्षात येत नाही. मोजे घालण्याआधी आणि काढल्यावर हात धुवावेच लागतात, म्हणजे पाण्याची बचतही नाही. बोटाला जखम असेल तेव्हा मात्र मोजा अवश्य वापरावा. पिकलेल्या जखमेत आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कोमट राहिलेल्या अन्नात वाढून जे विष सोडतो, ते नंतर अन्न उकळूनही नष्ट होत नाही; म्हणून जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि तीवर मोजा हवा. एरवी तयार पदार्थ वाढायला डाव, पळी आणि चिमटा मोज्यांपेक्षा कितीतरी चांगले.

लिंबाची साल किंवा आमसूल हातावर चोळण्याची रीत घरोघर आहे. माशाचा वास ज्या अमाइन द्रव्यांमुळे येतो त्यांना आम्ल निष्प्रभ करते, म्हणून वास खरोखरच जातो. जंतू मात्र वासाबरोबर जात नाहीत, आणि वास गेल्यामुळे हात स्वच्छ झाला असे वाटून साबण टाळला जातो, हा त्या रीतीचा तोटा. आधी साबण, मग हौस असेल तर लिंबू. सोडणाची, म्हणजे नारळाच्या वरच्या सालाची, राख घासण्याचे काम करते आणि क्षारधर्मी असते. पण जिच्यात रात्री मांजर झोपते ती राख साबण हाताशी असताना कोणी वापरू नये.

इतके झाल्यावरही या साऱ्यापेक्षा मोठी निवड शिल्लक राहते, ती नळाच्या जागेची. पुष्कळ घरांत मासळी परसातल्या जांभ्याच्या दगडावर साफ होते आणि नळ स्वयंपाकघराच्या पलीकडच्या मोरीत असतो. मधल्या वाटेत दाराची कडी, पाण्याच्या पिंपाचे झाकण आणि ओट्याची कड असे सगळ्याला ते हात लागून जातात. मोज्यांच्या खोक्यांवर हंगामभर होणाऱ्या खर्चातून त्या दगडाशेजारी तोटी बसवलेले एक पिंप उभे करावे, असे मी सुचवीन. बादलीत तांब्या बुडवून हात धुणे त्याच्या बरोबरीचे नाही, कारण तांब्याबरोबर बोटेही बुडतात आणि बादलीभर पाणी खराब होते. तोटी कोपराने ढकलता येईल अशी मिळाली तर उत्तम. मे महिन्यात विहीर तळाला गेली असता फेस चोळताना तोटी बंद ठेवावी आणि धुताना बारीक धार सोडावी. साबण किंवा चोळण्याचा वेळ कमी करू नये. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीतील अनुसूची ४ मध्येही हात धुण्याच्या सोयीची अपेक्षा आहे, तेव्हा नोंदणीच्या दृष्टीनेही हा खर्च वाया जात नाही.

हात कोरडे करण्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात, आणि पदराला किंवा दिवसभर लटकणाऱ्या सामाईक पंचाला पुसले तर धुतल्याचा निम्मा फायदा तिथेच जातो. उन्हाळ्यात जुन्या सुती साडीचे छोटे तुकडे करून, रोज धुऊन, उन्हात वाळवून वापरणे स्वस्त आणि चांगले. पावसाळ्यात ते चार-चार दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास सुटतो. तेवढ्या महिन्यांपुरते कागदी रुमाल घ्यावेत.

दोन गोष्टी कोणत्याही साबणाच्या आवाक्याबाहेर आहेत. बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाविना तापली की तिच्यात हिस्टामाइन हे बाधणारे द्रव्य तयार होते. ते धुऊन जात नाही आणि तळूनही जात नाही, त्यामुळे तिथे पैसा बर्फावरच घालावा. दुसरी गोष्ट आजारी मदतनिसाची. जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही निदान ४८ तास तिला मासळी, वाटण आणि वाढप यांपासून दूर ठेवावे, आणि रोजंदारी बुडेल या भीतीने तिने आजार लपवू नये म्हणून त्या दोन दिवसांची मजुरी आधीच कबूल करून ठेवावी.