नवी गाडी घेऊन नऊ महिने झाले, ब्रेक दाबायला आत्ता शिकलो

आधीच्या गाडीला एबीएससुद्धा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. या गाडीत एबीएस, ब्रेक असिस्ट, हिल होल्ड (चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय), शिवाय पुढे धोका दिसला की आपणहून ब्रेक मारणारी यंत्रणा, सगळंच आहे. मायलेज आणि डिकीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी फक्त ब्रेकबद्दल लिहितो.

दुसऱ्याच महिन्यात, भर पावसात पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी करकचून ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खालून खर्रर्र आवाज. काहीतरी तुटलं असं वाटून पाय सैल सोडला. गाडी टेम्पोपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली. ती थरथर म्हणजेच एबीएसचं काम, हे नंतर कळलं. चाक जाम व्हायला लागलं की एबीएस त्याच्यावरचा दाब सेकंदात अनेकदा सोडतं आणि धरतं. चाक फिरत राहतं, म्हणून स्टिअरिंगही ऐकतं. आणि मी नेमका त्याच क्षणी पाय काढला! जुन्या गाडीवर ब्रेक सोड-दाब करायची सवय, ती इथे उलटी पडली. इथे पूर्ण दाबायचं, दाबून धरायचं आणि वाट असेल तिकडे स्टिअरिंग वळवायचं.

मग एका मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, 40 च्या वेगाने मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिले. पहिल्या दोन वेळा पाय आपोआप मागे आला, पाचव्या वेळी टिकला. बायकोचा पहिल्याच वेळी टिकला, हे लिहायलाच हवं असं तिचं म्हणणं आहे.

ब्रेक असिस्ट पेडल किती झटक्यात खाली गेलं ते बघून उरलेला जोर स्वतः लावतं. म्हणजे घाबरत घाबरत दाबलं तर त्यालाही कळत नाही. मोकळ्या खडीवर मात्र एबीएस असूनही गाडी उशिरा थांबते, कधीकधी एबीएस नसलेल्या गाडीपेक्षाही.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे. एकदा मी आरशात बघत असताना त्या यंत्रणेने कर्कश बीप देऊन गाडी आवळली, तेव्हा खरंच वाचलो. पण एका वळणावर कडेला उभा असलेला ट्रक समोरच आहे असं समजून विनाकारण ब्रेक मारला आणि मागच्याने हॉर्न वाजवून शिव्या घातल्या. रागाने दोन दिवस बंद ठेवली, मग मुकाट्याने चालू केली. कॅमेरा पुढच्या काचेमागे आहे. काचेवर चिखल किंवा समोरून खालचं ऊन आलं की यंत्रणा बंद असल्याचा संदेश येतो. काच पुसणं हे आता माझ्यासाठी ब्रेकचंच काम झालंय.

आणि यंत्रणा कितीही हुशार असली तरी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, तेही ब्रेकवर पाय पडण्याआधी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. पुढच्या गाडीपासून मी आता पूर्वीपेक्षा लांब राहतो. मध्ये कोणी घुसतंच, घुसू दे.

हिल होल्डला हँडब्रेक समजू नका. ते दोन-तीन सेकंदच धरतं. एकदा चढावर बोलता बोलता गाडी मागे सरकली. लांब उतारावर खालचा गिअर. मी एकदा आळस केला आणि ब्रेकचा जळका वास आला. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारा एक मित्र आहे, त्याला सांगून दमलो: इंजिन बंद असलं की एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश, ओलावा शिरल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. मी दर दोन वर्षांनी बदलणार आहे. पॅडची जाडीही सर्व्हिसला समोर उभं राहून मोजून घेतो. मागच्या खेपेला पुढचे 7 मिलीमीटर भरले.