ठिपक्यांची पुस्तिका: आठ महिने वापरल्यानंतर

इटलीत तोरिनोला (ट्यूरिनला) शिकायला आलो त्याच आठवड्यात इटालियन क्रियापदांची एक खिशात मावणारी जुनी पुस्तिका घेतली. आता तिच्या कडा दुमडल्यात, मुखपृष्ठावर कॉफी सांडून झालीय.

घेतली ती ठिपक्यांसाठी. प्रत्येक रूपात जोर ज्या स्वरावर, त्याच्याखाली ठिपका. इटालियनमध्ये आघाताची खूण लिहिणं सक्तीचं ते फक्त शेवटच्या स्वरावर जोर असेल तेव्हा. एरवी तुमचं तुम्ही ओळखायचं. त्यात आपल्याला शब्दाचा शेवट लांबवायची खोड. फोनवर 'पार्लो', म्हणजे 'मी बोलतो', म्हणायला गेलो आणि जोर पडला 'लो'वर. त्याचा अर्थ 'तो बोलला'. पलीकडच्या बाईंनी विचारलं, कोण बोलला?

खरी वसुली झाली ती 'ते'च्या रूपांत. 'आबिता' म्हणजे तो राहतो, 'आबितानो' म्हणजे ते राहतात. मी दोन महिने 'ता'वर जोर देत होतो. जोर असतो पहिल्या 'आ'वरच. 'नो' नुसता मागून शेपटासारखा येतो. 'कापितानो' तर नमुनाच आहे: जोर 'का'वर असेल तर 'घडतात', 'ता'वर असेल तर कप्तान, आणि 'नो'वर दिला की 'त्याने नेतृत्व केलं'.

'एरे'वाल्या क्रियापदांना मात्र तोड नाही. 'वेदेरे'त (पाहणे) जोर मधल्या 'दे'वर, 'लेज्जेरे'त (वाचणे) पहिल्या 'ले'वर. पाठ करा. जोड व्यंजनं तेवढी आपल्याला फुकटात येतात, पक्का-सत्ता म्हणणाऱ्यांना त्यात काय!

अक्षरं तोडण्याला जेमतेम एक पान दिलंय, आणि तिथेच मी सर्वांत जास्त अडलो. 'फिनिस्को' (मी संपवतो) आपण 'फिनिस्-को' असं तोडू. तिकडे 'स' पुढच्या व्यंजनाला चिकटतो, फि-नी-स्को. 'स्तूदियो' (मी अभ्यास करतो) दोनच अक्षरांचं, स्तू-दियो. 'इन्वीओ' (मी पाठवतो) तीन, कारण तिथे 'ई'वर जोर आहे आणि ती स्वतंत्र उभी राहते. म्हणूनच 'तू पाठवतोस' लिहिताना शेवटी दोन 'इ' येतात, 'तू अभ्यास करतोस'मध्ये एकच. पुस्तिकेत दोन्ही रूपं बिनचूक छापलीत, कारण कुठेच नाही. ते मला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं.

दुसरी तक्रार सर्वनाम चिकटलेल्या रूपांची. पोर्ता पालात्सोच्या बाजारात दिवसभर तीच कानावर पडतात, पुस्तिकेत एकही नाही. 'पोर्तामेलो' (ते मला आणून दे) चार अक्षरांचं, जोर तरीही 'पोर्'वर. 'तेलेफोनामी'त (मला फोन कर) 'ले'वर. अशी रूपं मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहीत गेलो, ठिपक्यांसकट. ते पानही आता भरलंय.