रोवळी, दुरडी आणि कांद्याची पाटी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या मे महिन्यात नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून बांबूच्या तीन वस्तू घेतल्या. तांदूळ धुवायची रोवळी, भाकरीची दुरडी आणि कांद्यासाठी पाटी. तिन्हींचे मिळून ६५० रुपये झाले. विणणाऱ्या मावशी पेठ तालुक्याकडच्या.

आधी रोवळीबद्दल, कारण तिने मला जिंकलं. रोज दोनदा भिजते, तरी एक काडी सुटलेली नाही. ती बांबूच्या वरच्या हिरव्या सालीची आहे. ही साल गुळगुळीत आणि घट्ट असते, पाणी पटकन धरत नाही. पाणी झरझर निथळतं आणि आंबेमोहोरासारखा बारीक तांदूळही फटीत अडकत नाही. स्टीलची चाळणी आता फळीवरच पडून असते.

दुरडीत भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवते. वाफ विणीतून निघून जाते, त्यामुळे डब्यात येतो तसा चिकट ओलेपणा येत नाही. दुपारची ज्वारीची भाकरी रात्रीही कोरडी लागते.

पाटीने मात्र श्रावणात दगा दिला. कांदे छान राहिले, हवा सगळीकडून खेळती होती. पण तळाशी बारीक पिवळसर भुगा दिसू लागला, मग टाचणीच्या टोकाएवढी भोकं. भुंगेरा लागला होता. पाटी आतल्या गराच्या पट्ट्यांची होती. बांबूतल्या पिष्टावर हा किडा जगतो आणि ते आतल्या भागात जास्त असतं. घेताना मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, ही कोरड्याची हाय, हिला ओल लागू देऊ नका." मी ती पावसाळाभर मोरीजवळ ठेवली. चूक माझीच. तरी काठ नायलॉनच्या दोरीने बांधलेला होता, तो सहा महिन्यांत सैल झाला, हे मला खटकलंच. वेताने बांधला असता तर पाच-पन्नास रुपये जास्त द्यायला मी तयार होते.

पाटी टाकली नाही. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली, कडक उन्हात वाळवली, मग गावी सासूबाईंच्या चुलीवर आठवडाभर टांगली. धुराने रंग तांबूस झाला आणि त्यानंतर भुगा पडलेला नाही. कांदे पुन्हा तिच्यातच आहेत, फक्त आता खाली दोन विटा ठेवल्यात.

घेणाऱ्यांनी पट्टी उलटसुलट करून बघा. एका बाजूला साल चकचकीत दिसली तर ती ओल्या कामाला घ्या. परवा बुधवारी मावशींकडे सुपाचं सांगून आले. काठ वेताने बांधायचा, हे आधीच ठरवलंय.