मिरचीपुडीची ईएसआर चाचणी : काम चोख, जाहिरात फुगवलेली

तुर्भ्याच्या मसाला बाजारातून आम्ही निर्यातीसाठी मिरचीपूड भरतो. मालावर विकिरण प्रक्रिया (जंतू मारण्यासाठी गॅमा किरणांसारख्या किरणांचा मारा) झालेली नाही, असा दाखला युरोपातील एका ग्राहकाने मागितल्यामुळे या हंगामात महापे एमआयडीसीतील एका खासगी प्रयोगशाळेत तीन नमुने इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजेच ईएसआर, चाचणीसाठी दिले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यावर सूक्ष्मलहरी सोडून ही चाचणी एकट्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन, म्हणजे त्यांचे इवलेसे चुंबकत्व, टिपते.

चाचणी चोख झाली. गॅमा किरणांमुळे सेल्युलोजमध्ये जे मुक्त मूलक (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले रेणू) तयार होतात, त्यांच्यामुळे आलेखातील मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३ मिलिटेस्ला अंतरावर एकेक लहान रेषा उमटते. मधली रेषा प्रक्रिया न केलेल्या मालातही असते. आमच्या नमुन्यांत बाजूच्या रेषा नव्हत्या. मात्र ओलावा लागला की हा संकेत विरतो, त्यामुळे रेषा नसणे हा ठाम पुरावा नव्हे, हे तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी अहवाल देताना आपणहून सांगितले आणि माझ्या लेखी निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

खटकले ते दरपत्रक. त्यात ‘क्वांटम मर्यादेची संवेदनशीलता’ असे लिहून दर नमुन्यामागे जादा आकार लावला होता. ती मर्यादा, म्हणजे मोजमापात फक्त टाळता न येणारा क्वांटम गोंगाट उरणे, २०१६ साली फ्रान्समधील साक्ले येथील संशोधकांनी गाठली तेव्हा सिलिकॉनमधील बिस्मथ अणूंचे सुमारे १,७०० स्पिन एकाच प्रतिध्वनीतून (स्पिनांनी परत पाठवलेल्या सूक्ष्मलहरींच्या एका स्पंदातून) ओळखण्याइतकी संवेदनशीलता त्यांना साधली होती. त्यासाठी अतिवाहक सूक्ष्म रेझोनेटर (विजेला रोध नसलेले, स्पिनांचा संकेत पकडणारे इवले मंडल), जोसेफसन पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर (जवळपास स्वतःचा गोंगाट न मिसळणारा संकेतवर्धक) आणि दहा-वीस मिलिकेल्व्हिन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, इतकी थंडी लागली. थंडीचे कारण सोपे आहे : साडेनऊ गिगाहर्ट्झला, म्हणजे नेहमीच्या ईएसआर यंत्राच्या वारंवारतेला, खोलीच्या तापमानात उष्णतेचेच सहाशेहून अधिक फोटॉन (लहरींतील ऊर्जेचे कण) गोंगाट करतात, आणि तो थांबल्याशिवाय निर्वात अवकाशाचा अटळ क्वांटम गोंगाट उघडा पडत नाही. पुढे २०२३ मध्ये सूक्ष्मलहरींचे फोटॉन मोजून अर्बियम या धातूच्या एकेका आयनाचा (विद्युतभारित अणूचा) स्पिनही टिपला गेला. महाप्याचे यंत्र मात्र वातानुकूलित खोलीत चालते, आणि मिरचीपुडीला त्याहून अधिक काही लागतही नाही.

हे दाखवून दिल्यावर व्यवस्थापकांनी जादा आकार वजा केला, थोडे कुरकुरत. पुढच्या खेपेचे नमुनेही मी तिथेच देणार आहे, फक्त या वेळी हवाबंद पाकिटांतून.